शिवेवरचा वाघ

ऑक्टोबर सरत आला की इन्स्टावर भोपळे पेटायला लागतात. २०२४ साली तर गंमतच झाली, ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली. पहाटे अंगणात पायाखाली कारीट फोडायचं आणि रात्री हॅलोविनच्या रील्स बघायच्या. ‘आपले सण सोडून हे कसलं खूळ’ हे भांडणही रंगलं. मला त्यात रस नाही. मी शहापूरकडचा, त्या सणाच्या मुळाशी जे आहे ते मला चांगलंच ओळखीचं वाटतं.

मुळाशी आहे आयर्लंडचा साउइन. पीक घरात आलं, गुरं उन्हाळी कुरणांवरून खाली आणली, की वर्षाची अंधारी बाजू सुरू. त्या रात्री या जगाची आणि त्या जगाची शीव उघडी पडते, अशी समजूत. म्हणून टेकड्यांवर जाळ, आणि सोंगं. कॉर्क परगण्यात एकोणिसाव्या शतकात पोरं शिंगं फुंकत घरोघर फिरत. पुढे पांढरं कापड पांघरलेली ‘पांढरी घोडी’. दाणागोटा देईल त्याची भरभराट. दिवे होते सलगम कोरून केलेले, भोपळा नंतर अमेरिकेत भेटला. १८४५ पासूनच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली, आणि सण त्यांच्याबरोबर बोटीत चढला.

आता आमच्याकडे या. आश्विन वद्य द्वादशी; शहरात ती वसुबारस, शहापूर-मुरबाडच्या ठाकर, महादेव कोळ्यांच्या पाड्यांवर वाघबारस. गुराखी पोरं घरोघर फिरून तांदूळ, गूळ, दूध गोळा करतात. शिवेवर शेंदूर फासलेला वाघोबा, त्याच्यापुढे खीर शिजते. मग एक पोरगा वाघ होतो, कुणी अस्वल, कुणी कोल्हा. बाकीचे काठ्या घेऊन त्याला घेरतात, ‘पुन्हा आमच्या शिवेत येशील?’ असं दरडावतात, आणि ‘नाही’ म्हणवून घेऊनच पळवून लावतात. पुढे पाडव्याला ठाणे जिल्ह्यात अनेक ठिकाणी गुरं पेटत्या पेंढ्यावरून उडवतात. (आयर्लंडमध्येही गुरं दोन जाळांमधून हाकत, पण ती मे महिन्यात, बेल्टनला.)

यावरून आयरिश आणि ठाकर एकाच मुळाचे असा व्हॉट्सअॅपी निष्कर्ष काढू नका. दोघंही गुरांवर जगणारे. ऋतू पालटताना जनावराला जपायचं, एवढं पुरेसं आहे. आमच्याकडे पाऊस उघडतो, गवत पुरुषभर वाढलेलं असतं, त्यात दबा धरलेलं जनावर दिसत नाही. भीती खरीखुरी आहे. तानसाच्या जंगलात बिबटे आजही आहेत. आयर्लंडमधला शेवटचा लांडगा १७८६ च्या सुमारास मारला गेला असं मानतात. तिथे जनावर गेलं, भूत उरलं.

आमच्याकडे उलटं होतंय. बिबट्या आहे, गुरं घटली. चराईच्या भागातून आता समृद्धी महामार्ग जातो, पोरं आश्रमशाळेत किंवा आसनगावहून लोकल पकडून कामाला. त्यांनी शिकू नये असं कोण म्हणेल? काही पाड्यांवर अजून वर्गणी काढून खीर होते, नारळ फुटतो, म्हातारे शिवेवर जाऊन येतात. सोंग होत नाही. का म्हणून विचारलं, तर एका आजोबांनी सांगितलं, वाघ व्हायला पोरगं मिळत नाही.