व्यक्तिमत्त्व चाचणी (नागरी सेवा परीक्षा)

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतील अंतिम टप्पा म्हणजेच मुलाखत. ती नवी दिल्लीतील धोलपूर हाउस येथे होते. लेखी परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ अशा २०२५ गुणांवर गुणवत्ता यादी लागते.

मुलाखत मंडळापुढे उमेदवाराचा तपशीलवार अर्ज असतो. गाव, पदवी, नोकरी, छंद यांतूनच बरेच प्रश्न निघतात, त्यामुळे तयारी खरे तर अर्ज भरतानाच सुरू होते. गिर्यारोहण हा छंद लिहिणाऱ्याला सह्याद्रीतील गडवाटा, बेसाल्टचे कडे, पावसाळ्यातील अपघात आणि बचावकार्य यांवर बोलता आले पाहिजे. शोभेपुरता लिहिलेला छंद दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

माहितीची परीक्षा लेखीत झालेली असते. येथे विचारांची स्पष्टता, समतोल निर्णयशक्ती आणि सचोटी पाहिली जाते. म्हणून उत्तर येत नसल्यास तसे सरळ सांगावे. रेटून बोलणे अधिक घातक. वादग्रस्त विषयावर दोन्ही बाजू मांडून स्वतःचे मत द्यावे आणि सदस्याने खोडून काढले तरी आवाज चढवू नये.

मुख्य परीक्षा मराठीतून लिहिणाऱ्याला मुलाखतही मराठीतून देता येते. दुभाष्यामार्फत बोलताना वाक्ये छोटी ठेवावीत.