एकाच झुडपाचे दोन चहा

हिरवा चहा आणि काळा चहा एकाच झुडपापासून होतात की वेगवेगळ्या? हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. 'वेगवेगळ्या' असे उत्तर देणारे विद्यार्थी निघाले, तर त्यांना हसू नये. वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत ज्याने रूढ केली, त्या लिनियसचेही उत्तर हेच होते. ते चूक आहे हे युरोपात सर्वमान्य व्हायला पुढे ऐंशीहून अधिक वर्षे लागली. चहा तयार करणाऱ्या चिनी कारागिरांना मात्र ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

लिनियसचा गोंधळ

कार्ल लिनियसने १७५३ साली चहाला 'थिया सायनेन्सिस' हे एकच नाव दिले होते. १७६२ साली ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा त्याने चहाच्या दोन जाती केल्या. 'थिया बोहिया' म्हणजे काळ्या चहाची आणि 'थिया विरिडिस' म्हणजे हिरव्या चहाची. एकीच्या फुलाला सहा पाकळ्या आणि दुसरीच्या फुलाला नऊ, असा भेदही त्याने सांगितला. चहाच्या फुलातील पाकळ्यांची संख्या मुळातच कमीजास्त असते. पण हे कळायला पुष्कळ झुडपे पाहावी लागतात. लिनियसपाशी त्या वेळी चहाचे एकही जिवंत रोप नव्हते. ते त्याला १७६३ साली एका स्वीडिश जहाजाच्या कप्तानाकडून मिळाले.

यात दोष एकट्या लिनियसचा नव्हता. त्या काळी युरोपीय व्यापाऱ्यांना चीनमध्ये कँटन बंदराच्या पलीकडे जाता येत नसे. चहाचे मळे दूर आतल्या डोंगरांत होते. बंदरात पोहोचत ती फक्त वाळलेल्या पानांची पेटारे भरलेली खोकी. एका खोक्यात हिरवी पाने, दुसऱ्यात काळी. तेव्हा झाडेही दोन, असा तर्क झाला.

प्रत्यक्ष मळ्यात

१८४२ च्या तहानंतर चीनची आणखी चार बंदरे खुली झाली. पुढच्याच वर्षी लंडनच्या उद्यानविद्या संस्थेने रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माळ्याला वनस्पती गोळा करण्यासाठी तिकडे धाडले. फॉर्च्यूनने उत्तरेकडे निंगपोजवळचे हिरव्या चहाचे मळे पाहिले. नंतर तो फूचौजवळच्या काळ्या चहाच्या मुलखात गेला. तिथे 'थिया बोहिया' दिसेल अशी त्याची अपेक्षा होती. दिसले ते उत्तरेकडचेच झुडूप. नजरेवर विसंबून न राहता त्याने तिथली रोपे उपटून बरोबर घेतली आणि उत्तरेकडच्या रोपांशी ताडून पाहिली. फरक सापडेना. उलट कँटनच्या परिसरात 'बोहिया' समजल्या जाणाऱ्या झुडपांपासून दोन्ही प्रकारचा चहा बनत होता. १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याने ही माहिती दिली. फरक झाडात नसून पाने खुडल्यानंतरच्या प्रक्रियेत आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

ही प्रक्रिया आज रसायनशास्त्राच्या भाषेत सांगता येते. चहाच्या कोवळ्या पानांत कॅटेचिन नावाची पॉलिफिनॉल गटातील संयुगे असतात. पानांच्या पेशींतच पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकरही असते, पण धडधाकट पेशीत ही दोन्ही वेगळी राहतात. पाने सुकवून वळली, चुरडली की पेशी फुटतात आणि विकर व कॅटेचिन एकत्र येतात. हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने कॅटेचिनचे ऑक्सिडीकरण होऊन थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन ही रंगीत संयुगे तयार होतात. काळ्या चहाचा तांबूस रंग त्यांचाच. हिरव्या चहासाठी पाने खुडल्यावर लवकरच कढईत तापवतात किंवा वाफवतात. उष्णतेने विकर निकामी होते आणि पुढची क्रिया थांबते. व्यवहारात या क्रियेला 'किण्वन' म्हणतात, पण ते नाव चुकीचे आहे. तिच्यात सूक्ष्मजीवांचा भाग नसतो.

फॉर्च्यून १८४८ साली पुन्हा चीनला गेला, तो ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर म्हणून. चिनी वेश करून तो आतल्या भागात फिरला. त्याला चहाची रोपे, बिया आणि कसबी कारागीर हिंदुस्थानात आणायचे होते. चहाच्या बीत तेलाचे प्रमाण बरेच असते आणि वाळले की ते लवकर मरते. त्यामुळे नुसत्या बिया पाठवण्याचा प्रयत्न फसला. मग त्याने काचेच्या बंद पेटीत ओल्या मातीत बिया पेरून पाठवल्या. त्या प्रवासातच रुजल्या आणि रोपे हिमालयाच्या पायथ्याशी सुखरूप पोहोचली.

आसामातले 'अनोळखी' झाड

ज्या झाडासाठी एवढी यातायात चालली होती, ते आसामात आपण होऊन उगवत होते. तिथले सिंगफो लोक त्याची पाने भाजून, वाळवून बांबूच्या नळ्यांत ठासून धुरावर ठेवत आणि त्यांचे पेय करत. मणिराम दिवाण या आसामी गृहस्थाकडून ही माहिती रॉबर्ट ब्रूस या व्यापाऱ्याला कळली आणि १८२३ साली तो सिंगफो प्रमुख बिसा गाम याला भेटला. ब्रूस लवकरच वारला. त्याचा भाऊ चार्ल्स याच्यामार्फत झाडाचे नमुने कलकत्त्याला गेले. तिथल्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख नॅथानिएल वॉलिच यांनी निर्णय दिला : हा चहा नव्हे, ही कॅमेलियाची एक जात आहे.

वॉलिच यांची सावधगिरी अगदीच निराधार नव्हती. नुसत्या पानांवरून चहा आणि कॅमेलिया वेगळे ओळखणे अवघड असते. त्यासाठी फळ पाहावे लागते. पण ज्या झाडाच्या पानांचे पेय एक अख्खी जमात रोज पीत होती, तिची साक्ष पुरावा म्हणून कुणी विचारात घेतली नाही.

१८३३ साली कंपनीची चीनबरोबरच्या व्यापारातील मक्तेदारी रद्द झाली आणि चहाची निकड वाढली. १८३४ साली गव्हर्नर जनरल बेंटिंकने चहा समिती नेमली. समितीने आपला सचिव बिया आणायला चीनला पाठवला. तेवढ्यात आसामातून जेंकिन्स आणि चार्ल्टन या लष्करी अधिकाऱ्यांनी फळांसह नमुने धाडले. २४ डिसेंबर १८३४ रोजी समितीने सरकारला कळवले, की चहाचे झाड वरच्या आसामात निःसंशय मूळचेच आहे. १० जानेवारी १८३९ रोजी आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला.

तरीही चिनी झाडाचा मोह सुटला नाही. चिनी बियांची रोपे आसामात लावली गेली, पण ती तिथे नीट वाढली नाहीत. शिवाय स्थानिक झाडांशी त्यांचा संकर झाला. दार्जिलिंग आणि कांगड्याच्या थंड डोंगरांना मात्र चिनी प्रकार मानवला. आसामचे मळे शेवटी मोठ्या पानांच्या स्थानिक प्रकारावरच उभे राहिले.

मणिराम दिवाणाने पुढे स्वतःचे मळे काढले. १८५७ च्या उठावातील सहभागाबद्दल २६ फेब्रुवारी १८५८ रोजी जोरहाटला त्याला फाशी झाली. मळ्यांवर छोटा नागपूरसारख्या भागांतून मजूर आणले गेले. त्यांनी काम सोडू नये म्हणून १८५९ च्या कायद्याचा वापर झाला. त्यानुसार करार मोडणे हा मजुराच्या बाजूने फौजदारी गुन्हा ठरत असे.

आणि वॉलिच यांचा 'कॅमेलिया'? आज थिया ही वेगळी प्रजाती मानली जात नाही. चहाचे शास्त्रीय नाव आहे 'कॅमेलिया सायनेन्सिस', आणि आसामचा चहा हा त्याचाच 'आसामिका' हा प्रकार. नावापुरते वॉलिच बरोबर ठरले. झाड मात्र चहाचेच होते.

वर्गात करून पाहा

१. एक कच्चा आणि एक उकडलेला बटाटा चिरून अर्धा तास उघड्यावर ठेवा. कच्चा काळपट पडेल, उकडलेला पडणार नाही. विकर, ऑक्सिजन आणि उष्णता यांचा चहातला खेळ इथेही दिसतो. कोणता बटाटा 'हिरवा चहा' आणि कोणता 'काळा', हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्या.

२. कोऱ्या चहात लिंबाचे काही थेंब पिळा. रंग फिकट होतो, कारण थिआरुबिजिनचा रंग द्रावणाच्या आम्लतेवर अवलंबून असतो.

३. कोऱ्या चहात हिराकशीचे थोडे द्रावण घाला. (हा चहा चाखू नये.) द्रावण काळे होईल. चहातील पॉलिफिनॉल लोहाला असे धरून ठेवतात. पोटातही तसेच होते, म्हणून जेवणातल्या पालेभाज्या आणि कडधान्यांमधील लोह शरीराला कमी मिळते. चहा जरूर प्यावा. त्यातील कॅफीनमुळे तरतरी येते हे खरेच आहे. पण जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर असावे. रक्तक्षय असलेल्यांनी तर हे कटाक्षाने पाळावे.

शेवटी एक प्रश्न चर्चेला ठेवता येईल : आसामातील चहाचा 'शोध' कोणी लावला? सिंगफो लोकांनी, मणिराम दिवाणाने, ब्रूस बंधूंनी, फळे पाठवणाऱ्या अधिकाऱ्यांनी की चहा समितीने? विद्यार्थ्यांनी प्रत्येकाच्या बाजूने पुरावे मांडावेत.