बायकांच्या दुखण्याचा कागद

दरवर्षी मी या स्मरणिकेत एखादी पाककृती देते. यंदा अध्यक्षबाई म्हणाल्या, "काही इतिहासाचे लिहा." माझे शिक्षण सातवीपर्यंत, राजेरजवाड्यांचा इतिहास मजकडून व्हायचा नाही. तेव्हा आपल्या दुखण्यांचाच लिहिते.

त्याला कारण घडले. मामंजी गेल्यावर कपाट आवरताना त्यांच्या औषधपाण्याच्या कागदांची जाडजूड फाइल निघाली. सासूबाईंचे गुडघे त्याआधीपासून दुखत होते, चार पायऱ्या चढल्या की धाप लागे. पण त्यांच्या नावाचा एक कागद घरात नव्हता. विचारले तर म्हणाल्या, "अगं, मला कुठे काय झालंय!"

हे बोलणे फार जुने आहे. पूर्वी परपुरुषापुढे, मग तो डॉक्टर का असेना, अंगावरचे दुखणे सांगायचे म्हणजे मरणाची लाज. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि मूल दहा दिवसांत गेले. १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत आपण अमेरिकेस का जातो हे त्यांनी स्वतः उभे राहून सांगितले : बायकांसाठी बाई डॉक्टर हवी. १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने आपल्या पुण्यातच त्या गेल्या. बावीस वर्षेही पुरी नव्हती! मला तर हे वाचून त्या रात्री जेवण गेले नाही.

पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन काढले. तेथून बायका परिचारिका होऊ लागल्या.

तरीही १९७० ते १९७५ या काळात आपल्या देशात पुरुषाचे सरासरी आयुर्मान ५०.५ वर्षे व बाईचे ४९ होते. इतर बहुतेक देशांत बाई अधिक जगते, आपल्याकडे उलटे. बाळंतपणे आणि सर्वांच्या मागून जेवणे, दुसरे काय? पुढे पारडे फिरले. २०१६ ते २०२० मध्ये पुरुष ६८.६, तर बाई ७१.४. पुरुषांना तंबाखू, दारू व हृदयविकार लवकर नेतात, तेही विसरता येत नाही.

पण जास्त जगणे म्हणजे बरे जगणे नव्हे. शिरूर तालुक्यातील वढू, जेथे संभाजीमहाराजांची समाधी आहे, तेथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे काम डॉ. बानूबाई कोयाजी यांच्या काळापासून चालू आहे. २००७ साली त्या भागातील पन्नाशीपुढच्या माणसांना घरोघर जाऊन प्रकृती विचारली. पुरुषांपेक्षा बायकांची प्रकृती वाईट आढळली, आणि कमी शिकलेल्यांचीही वाईट. मला त्या आकड्यांपेक्षा एक गोष्ट मोठी वाटली : बाईला तिचे दुखणे तिच्याच तोंडून विचारले. आपण घरात कधी विचारतो?

२०१९ ते २०२१ च्या सरकारी पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरांतील ५७ बायकांत रक्त कमी निघाले, पुरुषांत २५. हळदीकुंकवाला आपण किती जणी बसतो, मोजून पाहा.

मी सासूबाईंना घेऊन गेले. त्यांचे हिमोग्लोबिन आठ निघाले. मला वाटले, मीही देऊन टाकावे रक्त; माझे नऊ. कागद ठेवायला मामंजींचीच फाइल घेतली आणि वरच्या नावाखाली आम्हा दोघींची नावे लिहिली.