‘उधळणे’ आणि सुरतेची सभा

‘उधळणे’ हे क्रियापद आपल्या देवळांना चिरपरिचित आहे. जांबावलीस श्रीदामोदराच्या उत्सवात गुलाल उधळतात, जेजुरीस भंडारा उधळतात. संस्कृतातील ‘उद्धूलन’ शब्दाची येथे सहज आठवण होते. पण हाच शब्द मंडपाबाहेर येताच निराळा होतो: वारस इस्टेट उधळतो, घोडा उधळतो आणि सभाही उधळते.

सभा उधळण्याचे आपल्या इतिहासातील ठळक उदाहरण सुरतेचे. नागपूरचे ठरलेले काँग्रेसचे अधिवेशन हलवून २६ डिसेंबर १९०७ रोजी तापीकाठी भरविण्यात आले. पहिल्या दिवशी सुरेंद्रनाथ बॅनर्जींचे भाषण गोंगाटात बुडाले व सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांस चिठ्ठी पाठवून तहकुबीची सूचना मांडण्याची परवानगी मागितली. उत्तर आले नाही. टिळक व्यासपीठावर चढले. निवड झाली असून डॉ. रासबिहारी घोष अध्यक्ष झाले आहेत, असे नेमस्तांचे म्हणणे. आपली सूचना वेळेवर दिली होती, असे टिळकांचे. इतक्यात एक दक्षिणी जोडा आला, तो सुरेंद्रनाथांना व फिरोजशहा मेहतांना लागला. खुर्च्या, काठ्या चालल्या. अखेर पोलिसांनी मंडप रिकामा केला.

मराठीत याचे वर्णन दोन शब्दांत होते: ‘सभा उधळली’. पण हे वाक्य वकिलाच्या नजरेने वाचावे. ‘घोडा उधळला’ यात घोडाच कर्ता. ‘गुलाल उधळला’ यात उधळणारा कोणी दुसरा, केवळ अध्याहृत. ‘सभा उधळली’ यात दोन्ही अर्थ संभवतात. सभा आपोआप उधळली, की कोणी ती उधळली? नेमका हाच वाद होता. नेमस्तांनी आपली हकीकत प्रसिद्ध केली. टिळक, खापर्डे व अरविंद घोष प्रभृतींनी आपली. दोघांनीही कर्ता शोधला, आणि प्रत्येकाला तो समोरच्या पक्षात सापडला. दुभंगलेली काँग्रेस एकत्र आली ती १९१६ साली, लखनौस.

आपल्या देवस्थानांच्या महाजनसभांतही असे प्रसंग येतात आणि इतिवृत्तात ‘सभा उधळली’ एवढेच लिहून लेखणी खाली ठेवली जाते. तसे करू नये. सूचना कोणी दिली, केव्हा दिली, अध्यक्षांनी तिला काय उत्तर दिले, हे लिहावे. सुरतेस चिठ्ठीचे उत्तर वेळेवर गेले असते, तर पुढचे टळले असते की नाही, हे सांगता येत नाही. परंतु वादाचे एक कारण तरी उरले नसते.