न हलणाऱ्या नखांचा प्राणी

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले. हा प्राणी देशातून नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले होते. तेव्हापासून चित्त्याविषयीच्या बातम्यांत ‘ॲसिनोनिक्स ज्युबेटस’ हे शास्त्रीय नाव वारंवार येते. त्याचा अर्थ मात्र क्वचितच सांगितला जातो.

जर्मन निसर्गअभ्यासक श्रेबर याने १७७५ मध्ये चित्त्याचे वर्णन केले, तेव्हा त्याला मांजरांच्याच ‘फेलिस’ या प्रजातीत ठेवले. ‘ज्युबेटस’ हे लॅटिन विशेषण त्याचेच. अर्थ, आयाळ असलेला. चित्त्याच्या पिलांच्या मानेवर व पाठीवर लांब केस असतात. पुढे १८२८ मध्ये इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञ जोशुआ ब्रूक्स याने चित्त्यासाठी ‘ॲसिनोनिक्स’ ही स्वतंत्र प्रजाती मांडली.

हे नाव बहुधा दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे: ‘अकिनेतोस’ म्हणजे न हलणारा आणि ‘ओनिक्स’ म्हणजे नख. नकार दर्शवणारा ग्रीक ‘अ’ आणि ‘अचल’मधील आपला ‘अ’ एकाच मुळाचे. ‘ओनिक्स’ आणि संस्कृत ‘नख’ हेही परस्परांचे दूरचे आप्त आहेत.

नाव अर्थपूर्ण असले तरी पूर्णतः अचूक नाही. वाघ-बिबट्यांची नखे त्वचेच्या आवरणात दडतात. चित्त्याची नखे काही अंशी मागे सरकतात. मात्र ती झाकणारे आवरण नसल्याने उघडीच राहतात. म्हणूनच धावताना ती जमिनीत रुततात आणि वळताना पाय घसरत नाही. त्याच्या पाऊलखुणांत नखांचे ठसेही दिसतात. ब्रूक्सला जे वेगळेपण जाणवले, ते या वेगवान प्राण्याच्या धावेचे साधन आहे.

इंग्रजीतील ‘चीता’ हा शब्द मात्र भारतातूनच गेला. त्याचे मूळ संस्कृत ‘चित्रक’, म्हणजे ठिपक्यांचा. जगाला नाव देणाऱ्या या देशातून तो प्राणीच नाहीसा झाला. कुनोत आलेले चित्ते आफ्रिकी उपजातीचे आहेत. भारतात पूर्वी वावरणारी ‘व्हेनाटिकस’, म्हणजे शिकारीची, ही उपजात आज केवळ इराणमध्ये अत्यल्प संख्येने उरली आहे. राजेरजवाडे चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवीत, त्या प्रथेची आठवण या नावात आहे. शब्द टिकला; प्राणी टिकवणे अजून बाकी आहे.