बा सॉनची गोदी आणि व्हिएतनामची स्वस्ताई



व्हिएतनामहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो स्वस्ताईचा. आम्हांलाही तोच विचारला गेला. तेव्हा तो आधी उरकून टाकू. आपल्या एका रुपयास तेथे सुमारे ३०० डोंग मिळतात. पंचवीस-तीस हजार डोंगांत, म्हणजे शंभर रुपयांच्या आत, फ्रेंच धाटणीचा भरलेला पाव मिळतो आणि एक वेळ निभते. लाखांच्या नोटा खिशात घालून हिंडण्याची हौसही फिटते!

पण वस्तू स्वस्त असते तेव्हा ती करणाऱ्याचा दिवसही बहुधा स्वस्त असतो, हे युनियनच्या कामात केस पिकलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणून हो चि मिन्ह शहरात, म्हणजे जुन्या सैगोनमध्ये, उतरल्यावर आम्ही बाजाराआधी बा सॉनची जागा पाहावयास गेलो.

बा सॉन ही नदीकाठची जहाजदुरुस्तीची गोदी. फ्रेंचांनी सैगोन घेतल्यावर १८६० नंतरच्या दशकात तेथे आरमाराचा कारखाना उभारला. ऑगस्ट १९२५ मध्ये तेथील हजाराच्या घरातील कामगारांनी काम बंद केले. मागण्या तीन : मजुरीत वीस टक्के वाढ, काढलेल्यांना परत घेणे आणि पगाराच्या दिवशीची अर्ध्या तासाची जुनी सुटी चालू ठेवणे. ही शेवटची मागणी आम्हांला फार जवळची वाटली. अर्ध्या तासाकरिता माणसे किती चिवट होतात, हे ज्याने कारखान्याच्या फाटकावर सभा घेतली आहे तोच जाणे. दहा टक्के वाढ पदरात पाडून ही माणसे आत गेली, आणि मग त्यांनी हात सैल सोडले. चीनकडे निघालेली ‘ज्यूल मिशले’ ही फ्रेंच युद्धनौका दुरुस्तीसाठी गोदीत आली होती. तिला बाहेर पडावयास नोव्हेंबर उजाडला.

चीनमधील चळवळीला साह्य म्हणूनच हा संप झाला व तॉन दुक थांग यांनी तो चालविला, असे तेथील अधिकृत इतिहास सांगतो. हे थांग कारागीर होते, पुढे अनेक वर्षे तुरुंगात राहिले आणि १९६९ साली हो चि मिन्ह यांच्यामागून राष्ट्राध्यक्ष झाले. संपात त्यांचा हात किती होता व हेतू कितपत राजकीय होता, याविषयी काही इतिहाससंशोधकांनी शंका घेतली आहे. आम्हांला विचाराल तर भाकरीसाठी झालेल्या संपाला मोठेपणा येण्यास युद्धनौकेची गरज नसते.

आज ती गोदी तेथे नाही. ती शहराबाहेर गेली आणि नदीकाठी धनिकांचे उंच मनोरे उभे राहिले. खाली जमिनीत मेट्रोचे स्थानक आहे, त्याचे नाव मात्र बा सॉन. जपानी कर्जातून बांधलेली ही जवळजवळ वीस किलोमीटरची मेट्रो २२ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झाली. कामास प्रारंभ २०१२ सालचा. लालबाग-परळच्या गिरण्या जाताना ज्यांनी पाहिल्या त्यांना हे दृश्य नवे नाही. आपल्याकडे चिमणी शोभेला ठेवतात, तेथे नाव ठेवले आहे.

या बदलाची सुरुवात डिसेंबर १९८६ ची. महागाई वर्षाला ७०० टक्क्यांच्या वर गेलेली. तेव्हा कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनाने ‘दोई मोई’, म्हणजे नूतनीकरण, हे धोरण स्वीकारले आणि परकीय भांडवलाला दार उघडले. १९९४ साली अमेरिकेने व्यापारबंदी उठविली. जोडे, कपडे, पुढे मोबाइल, असे कारखाने शहरांभोवती वसले. भांडवल आले ते मुख्यतः स्वस्त हातांच्या शोधात.

आता गंमत पाहा. परकीय कारखान्यांतील किमान वेतन १९९९ पासून जेथल्या तेथे होते आणि भाव तर चढत होते. २००५ च्या डिसेंबरअखेर सैगोनच्या परिसरात जोड्यांच्या कारखान्यातील कामगार बाहेर पडले आणि संप एका फाटकावरून दुसऱ्या फाटकावर पसरत गेला. यांत तरुण मुली फार. अधिकृत युनियनची परवानगी कोणी मागितली नव्हती. कायद्याने हा संप बेकायदाच. कामगारांच्या नावाने चालणारे सरकार आणि समोर रस्त्यावर बसलेले कामगार! फेब्रुवारी २००६ पासून किमान वेतन सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढले. मोठ्या शहरांत ६ लाख २६ हजार डोंगांचे ८ लाख ७० हजार झाले.

जुलै २०२४ मध्ये तेच मोठ्या शहरांत ४९ लाख ६० हजारांवर गेले, म्हणजे महिन्याला साधारण साडेसोळा हजार रुपये. मधल्या काळातील महागाई यातून वजा करावयाची आहे, हे खरे.

मजुरी वाढविली तर कारखाने दुसऱ्या देशात पळतील, ही धमकी कोणत्या कामगाराने ऐकली नाही? आमच्या उमेदवारीच्या काळात ती आम्ही प्रत्येक वाटाघाटीत ऐकली. व्हिएतनामात २००६ च्या वाढीनंतर, २००९ साली, हनोईजवळ बाक निन्ह प्रांतात सॅमसंगचा मोबाइल कारखाना सुरू झाला.