विद्यार्थी-संशोधनातील पूर्वाभ्यास : चंद्रशेखर यांचे उदाहरण

विद्यार्थ्यांच्या विज्ञान-प्रकल्पात पूर्वसंशोधनाचा आढावा बहुधा शेवटी, उपचार म्हणून जोडला जातो. या संदर्भात सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग अभ्यसनीय आहे. १९२८ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड मद्रासला आले असता प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकणारे चंद्रशेखर त्यांना भेटले. सोमरफेल्ड यांचा अणुरचनेवरील ग्रंथ त्यांनी स्वप्रयत्नाने अभ्यासला होता. मात्र पुंजयामिकीमुळे तो ग्रंथ कालबाह्य ठरला आहे, हे त्यांना खुद्द ग्रंथकर्त्याकडूनच कळले! कष्टाने केलेले वाचनही अपुरे असू शकते, ही जाणीव तरुण अभ्यासकास हताश करणारी होय. चंद्रशेखर यांनी मात्र सोमरफेल्ड यांनी दिलेली, धातूंतील इलेक्ट्रॉनांविषयीच्या अप्रकाशित लेखाची प्रुफे अभ्यासून फर्मी-डिरॅक सांख्यिकी आत्मसात केली. कॉम्प्टन प्रकीर्णनास ती लावून लिहिलेला त्यांचा निबंध राल्फ फाउलर यांच्यामार्फत १९२९ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. फाउलर यांनी १९२६ मध्ये हीच सांख्यिकी श्वेतबटू ताऱ्यांना लावली होती. १९३० मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर चंद्रशेखर यांनी त्या सिद्धान्तास सापेक्षतेची जोड दिली, तेव्हा लागणारी बरीचशी सामग्री मद्रासमधील या वाचनातूनच त्यांच्या हाती आलेली होती.